आजोबांची आठ मिमी रिळं, त्यांचा सुपर ८ कॅमेरा आणि पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर आवरताना आजोबांनी काढलेल्या आठ मिलीमीटर फिल्मची काही रिळं आणि एक सुपर ८ कॅमेरा सापडला. एक-दोन डब्यांना आंबट वास येतोय. रिळं एकदा संगणकात उतरवून घेतली की टाकून द्यावीत का? आणि त्या कॅमेऱ्यात आज काही चित्रित करता येतं, की हे माध्यम कायमचं संपलं?

रिळं टाकू नका, हे आधी सांगते. आणि कॅमेऱ्याची मोटर फिरत असेल तर त्यात आजही चित्रीकरण होतं. कच्ची फिल्म कारखान्यातून निघते आहे, ती धुऊन देणाऱ्या लॅबही सुरू आहेत. हौशी फिल्म तपासणं, जोडणं आणि स्कॅन करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर सविस्तर लिहिते. पण सुरुवात त्या आंबट वासापासून करावी लागेल, कारण बाकी सगळं थांबू शकतं, तो थांबत नाही.

तो वास ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा. बहुतेक हौशी फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. ऊब आणि दमट हवा मिळाली की ॲसिटेट हळूहळू फुटायला लागतं आणि त्यातून ॲसिड सुटतं. हेच ॲसिड पुढच्या विघटनाला आणखी वेग देतं, म्हणून एका टप्प्यानंतर सगळं फार झपाट्यानं होतं. फिल्म आखडते, कडांना लाटा येतात, ती ठिसूळ होते आणि शेवटी चित्राचा थर पायापासून सुटून येतो. झालेलं नुकसान भरून काढायचा उपाय नाही, वेग कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं. त्यामुळे वास येणारी रिळं आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. त्यांची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नका, हवा खेळती राहील असं ठेवा. जागा थंड आणि कोरडी हवी. पोटमाळा आणि छताखालचं कपाट या सगळ्यात वाईट जागा. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरचा रोग लागायला साधारण ४० वर्षं लागतात. तापमान किंवा आर्द्रता वाढली की हा काळ झरझर कमी होतो.

याच संस्थेच्या एडी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी डब्यात ठेवायची. ॲसिड असेल तर ती हिरवी होते, जास्त असेल तर पिवळी. मोजमाप शून्य ते तीन असं आहे. दीडच्या आसपास विघटन स्वतःच्याच बळावर पळायला लागतं, म्हणून त्या पुढची रिळं स्कॅनसाठी सर्वांत आधी घ्यायची. नाकावर फार विसंबू नका. दोन-चार डबे हुंगले की नाक मरतं आणि सगळंच ठीक वाटायला लागतं.

एक भीती मात्र काढून टाका. जुन्या ३५ मिमी चित्रपटांची नायट्रेट फिल्म भडकन पेट घ्यायची, हे ऐकून लोक घरातल्या रिळांनाही घाबरतात. कोडॅकनं १९२३ मध्ये हौशी मंडळींसाठी १६ मिमी फिल्म आणली ती पहिल्यापासून न भडकणाऱ्या ॲसिटेट पायावर. रुंदीही सोयीची होती. ३५ मिमी फिल्म मधोमध चिरली तर १७.५ मिमीच्या पट्ट्या होतात, १६च्या नाही. त्यामुळे स्वस्तातली चिरलेली नायट्रेट घरगुती यंत्रात शिरण्याची वाट बंद झाली. आठ मिमी या १६ मिमीतूनच जन्मली, म्हणून तीही सुरक्षित.

आता रिळं कोणत्या जातीची आहेत ते पाहा. सुरुवातीची हातभर फिल्म उलगडा, कडांना धरा, चित्रावर बोट लावू नका, आणि भिंगातून बघा. छिद्रं मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेपाशी असतील तर ती स्टँडर्ड ८, म्हणजे १९३२ साली आलेली. छिद्रं लहान आणि चौकटीच्या मध्यासमोर असतील तर १९६५ ची सुपर ८. रिळाच्या मधलं भोकही सांगतं: स्टँडर्डचं लहान, सुपरचं मोठं. सुपर ८ मध्ये छिद्र बारीक केल्यामुळे चौकटीला जागा मिळाली. साधारण ४.८ गुणिले ३.५ मिमीची चौकट ५.८ गुणिले ४ मिमीची झाली, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १.४ पट. याच चौकटीची आणि याच छिद्रांची फुजीची सिंगल ८ देखील असते. पण तिचा पाया पातळ पॉलिएस्टरचा, तो ओढून तुटत नाही आणि फिल्म सिमेंटनं (फिल्म जोडायच्या द्रावानं) चिकटत नाही. तिथे टेपचाच जोड लागतो. कडेला कोडॅकचे छोटे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण छापलेले असतात, त्यावरून फिल्म कारखान्यातून कधी निघाली ते कळतं. ही खुणांची साखळी वीस वर्षांनी पुन्हा फिरते, त्यामुळे फिल्मचा प्रकार आणि चित्रातले कपडे, गाड्या बघून दशक ठरवावं लागतं.

रीळ स्टँडर्ड ८ चं असेल तर मध्यावर एक गोष्ट हमखास दिसेल: काही चौकटी नारिंगी होत होत पांढऱ्याफटक पडतात, मग एक जोड येतो आणि चित्र पुन्हा सुरू होतं. अनेकांना तो दोष वाटतो आणि स्कॅन करणाऱ्यालाही ते तो कापायला सांगतात. मला तो फार प्रिय आहे. स्टँडर्ड ८ ची कच्ची फिल्म प्रत्यक्षात १६ मिमी रुंद असायची, लांबी २५ फूट. एका बाजूच्या अर्ध्या रुंदीवर चित्रीकरण झालं की कॅमेरा सावलीत उघडायचा, रीळ उलटं करून पुन्हा बसवायचं आणि दुसरी बाजू भरायची. लॅब ती धुऊन मधोमध चिरायची आणि दोन तुकडे जोडून ५० फुटांचं एक रीळ परत करायची. पांढरी पडलेली जागा म्हणजे तुमच्या आजोबांनी कॅमेरा उघडून रीळ उलटलं तो क्षण. कृपया तो कापू देऊ नका.

प्रोजेक्टरवर लावून बघायचा मोह होईल, तो टाळा. आखडलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांशी जुळत नाहीत. एक टक्का जरी आखडली असली तरी प्रोजेक्टरचा पंजा (फिल्म ओढणारा दाता) छिद्रामागून छिद्र फाडत जातो. शिवाय वर्षानुवर्षं बंद असलेल्या प्रोजेक्टरमधले रबरी पट्टे चिकट डांबरासारखे वितळलेले असतात आणि गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, जुन्या फिल्मचा घट्ट झालेला मळ असतो, तो नव्यानं जाणाऱ्या फिल्मवर सरळ रेघ ओढतो. कापसानं किंवा पाण्यानं फिल्म पुसायला तर मुळीच जाऊ नका. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, तो पाणी पिऊन फुगतो.

स्कॅन करून घेताना विचारायचा पहिला प्रश्न: यंत्र फिल्म दात्यांनी ओढतं की रोलरनं? रोलरनं ओढणारी, प्रत्येक चौकट वेगळी टिपणारी यंत्रं आखडलेल्या फिल्मलाही सांभाळून घेतात. भिंतीवर प्रोजेक्ट करून समोर फोन धरण्याची पद्धत कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. आठ मिमीसाठी दोन-के, म्हणजे साधारण दोन हजार बिंदू रुंदीचा स्कॅन, पुरेसा असतो. त्याहून मोठ्या आकड्यांनी फिल्मचा कण जास्त ठसठशीत येतो, चित्रात नवा तपशील क्वचितच येतो. मात्र चौकटीबाहेरची कड आणि छिद्रांचा भाग दिसेल इतकं रुंद टिपून घ्या. काही कॅमेऱ्यांमध्ये चित्र तिथवर सांडलेलं असतं, आणि कडेच्या खुणाही जपल्या जातात.

वेगाकडे लक्ष द्या. स्टँडर्ड ८ सहसा सेकंदाला १६ चौकटींनी आणि सुपर ८ १८ चौकटींनी चित्रित झालेली असते. ती २५ नं चालवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात, आणि जुनी फिल्म अशीच असते असा समज पसरतो तो यामुळेच. चौकटी जशा आहेत तशा टिपून मूळ वेगानं फाइल बनवायला सांगा. रिळाच्या कडेला तांबूस-तपकिरी बारीक पट्टी असेल तर त्यावर आवाज आहे. कोडॅकनं १९७३ मध्ये आवाजाची सुपर ८ आणली, आणि काही लोक मूक फिल्मवर नंतर पट्टी चढवून घरीच निवेदन ध्वनिमुद्रित करायचे. या पट्टीतलं लोह-ऑक्साइड व्हिनेगरच्या रोगाला आणखी चालना देतं, म्हणून अशी रिळं रांगेत पुढे घ्या आणि चित्राबरोबर आवाजही त्याच खेपेत उतरवा.

रंगांबद्दल थोडं. कोडाक्रोम असेल तर नशीबवान आहात. फिल्म दिव्याखाली तिरकी धरली की थराच्या बाजूला चित्र किंचित कोरल्यासारखं उठून दिसतं, ती कोडाक्रोमची ओळख. अंधारात ठेवलेले तिचे रंग अनेक दशकं टिकतात. प्रोजेक्टरचा प्रखर प्रकाश मात्र तिला फारसा सोसत नाही. त्याच काळातल्या इतर बऱ्याच रंगीत फिल्म गुलाबी-जांभळ्या पडलेल्या सापडतात. तो रंग स्कॅननंतर बराच सावरता येतो. पण एक प्रत अजिबात न सुधारलेली, कण न पुसलेली, चेहरे गुळगुळीत न केलेली ठेवा. आजचे स्वयंचलित कार्यक्रम नसलेला तपशील रचून भरतात. तो चेहरा मग तुमच्या आजीसारखा दिसतो, पण तिचा राहत नाही.

आणि म्हणूनच स्कॅननंतरही मूळ रीळ ठेवायचं. ज्यांनी पूर्वी रिळं व्हिडिओ टेपवर उतरवून फेकून दिली, त्यांच्याकडे आज धूसर, कडा कापलेलं चित्र उरलंय आणि परत जायला काही नाही. ज्यांनी रिळं ठेवली ते त्याच चौकटींमधून आज कितीतरी जास्त काढून घेतात. अशा घरगुती चित्रणाचं मोल पुढे कुठवर जाईल हे चित्रित करणाऱ्याला कधीच कळत नसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. युटातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो यांनी लपवून आणलेल्या आठ मिमी कॅमेऱ्यानं तिथलं रोजचं जगणं टिपलं. ते हौशी चित्रण १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झालं. २००३ मध्ये काही फिल्म अभिलेखपालांनी होम मूव्ही डे सुरू केला. लोक घरातली रिळं घेऊन येतात, जाणकार ती तपासतात आणि जी चालण्याजोगी असतील ती सगळ्यांसमोर दाखवली जातात. असा दिवस तुमच्या जवळपास होत असेल तर रिळं घेऊन जरूर जा.

आता दुसरा प्रश्न, हे माध्यम संपलं का. फिल्म कोण बनवतं यापेक्षा ती कोण धुतं यावर हौशी फिल्मचं जगणं-मरणं ठरत आलंय, असं माझं ठाम मत आहे. आणि लहान फिल्म कायम मोठ्या भावाच्या पाठकुळीवर बसूनच तगली आहे. स्टँडर्ड ८ ला १६ मिमीनं वाहिलं. जिला पाठ मिळाली नाही ती पडली.

कोडाक्रोमचंच बघा. ती १९३५ मध्ये १६ मिमीत आणि पुढच्या वर्षी आठ मिमीत आली. रंगाचे घटक तिच्या थरात नसतातच, धुताना एकेक करून आत सोडावे लागतात. मध्ये ठरावीक टप्प्यांवर लाल आणि निळा प्रकाश पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी खास यंत्र, खास रसायनं आणि ती रोज तपासणारा माणूस हवा. घरी किंवा छोट्या लॅबमध्ये हे जमण्यासारखं नव्हतं. २००५ मध्ये सुपर ८ कोडाक्रोम बंद झाली, २००९ मध्ये कोडाक्रोमचं उत्पादनच थांबलं, आणि कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबनं ३० डिसेंबर २०१० नंतर रिळं घेणं बंद केलं. त्या दिवशी जगभरच्या फ्रीजमधली न वापरलेली कोडाक्रोम रंगीत फिल्म म्हणून बाद झाली. आजोबांच्या सामानात न धुतलेली कोडाक्रोम सापडली तर ती आता फक्त कृष्णधवल धुता येते. चित्र निघू शकतं, म्हणून फेकू नका.

एक्टाक्रोमचं नशीब वेगळं निघालं, कारण तिच्या थरातच रंगाचे घटक असतात आणि ती ई-६ या पद्धतीनं धुतात. स्थिरचित्रांच्या स्लाइड फिल्मचीही तीच पद्धत. त्यामुळे २०१२-१३ च्या सुमारास एक्टाक्रोम बंद झाली तेव्हाही रसायनं आणि लॅब शिल्लक होत्या. स्थिर फोटोग्राफीत फिल्मची मागणी परत वाढली, कोडॅकनं २०१७ च्या सुरुवातीला पुनरागमन जाहीर केलं आणि २०१८ मध्ये ती सुपर ८ कार्ट्रिजमध्येही (कॅमेऱ्यात बसवायच्या फिल्मच्या बंद डबीत) आली. सुपर ८ मधली निगेटिव्ह तर थेट चित्रपटांचीच. कोडॅकची व्हिजन३ मोठ्या पडद्यासाठी ३५ मिमीत निघते, तिचीच पट्टी बारीक कापून कार्ट्रिजमध्ये भरतात. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, फुजीनं २०१३ मध्ये चित्रपटाची फिल्म आणि सिंगल ८ चं धुणं दोन्ही थांबवलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हा शेवट वाटला होता. नामवंत दिग्दर्शकांनी फिल्मसाठी जोर लावला आणि २०१५ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचा करार केला. त्या कराराच्या सावलीत सुपर ८ वाचली.

शिवाय बंद पडलेल्या लॅबची यंत्रं उचलून कलावंतांनी स्वतःच्या लॅब चालवल्या. पॅरिसजवळची लाबोमिनाब्ल १९९६ पासून हे करते आहे. चेक प्रजासत्ताकातली फोमा ही कंपनी कृष्णधवल रिव्हर्सल (धुतल्यावर थेट सरळ चित्र देणारी) फिल्म बनवते, तीही स्टँडर्ड ८ मध्ये मिळते. सोव्हिएत काळातल्या लोमोच्या सर्पिल टाक्या घेऊन घरी फिल्म धुणारे लोक आहेत. मोठा भाऊ उद्या थकला तर ही मंडळी निदान कृष्णधवल फिल्म चालू ठेवतील, असा मला भरवसा वाटतो.

कोडॅकनं स्वतःचा नवा सुपर ८ कॅमेरा २०१६ मध्ये जाहीर केला, तो विक्रीला आला २०२३ च्या डिसेंबरात आणि किंमत होती ५,४९५ डॉलर. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. सत्तरच्या दशकातले कॅनन, निकॉन, निझो, एल्मो अजून उत्तम चालतात आणि तुमच्याकडे तर कॅमेरा आहेच.

तो तपासायचा असा. बॅटरीच्या खणात हिरवी-पांढरी साय असेल तर थोड्या व्हिनेगरनं पुसून कोरडी करा. नव्या बॅटऱ्या घालून रिकामा चालवा. आवाज एकसारखा हवा, दमल्यासारखा चढ-उतार नको. लेन्समधून उजेडाकडे बघत बटण दाबा, शटर उघडमीट होताना दिसलं पाहिजे. प्रकाशमापकाला वेगळी बटणाएवढी बॅटरी असेल तर सावध राहा. मूळची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही आणि तिच्या जागी १.५ व्होल्टची साधी घातली की मापक चुकीचं सांगू शकतो. झिंक-एअर प्रकारची पर्यायी बॅटरी वापरा, किंवा वेगळ्या मापकानं मोजून छिद्रमान (लेन्सचं भोक किती उघडं ते) हातानं लावा.

सुपर ८ कार्ट्रिजच्या पुढच्या कडेला खाचा असतात, त्यांवरून कॅमेरा फिल्मची गती, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते, ओळखतो. बरेच साधे कॅमेरे फक्त ४० आणि १६० ओळखतात. व्हिजन३ ची ५०डी (आकडा गतीचा, डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे पिवळ्या बल्बसाठी) घातली तर कॅमेरा तिला ४० समजेल, २००टी ला १६०. दोन्हीत थोडा जास्त प्रकाश पडेल आणि निगेटिव्हला तो मानवतो. एक्टाक्रोम १००डी मध्ये मात्र फसगत होते. कॅमेरा तिला ४० धरो की १६०, रिव्हर्सल फिल्मला एवढा फरक सोसत नाही. म्हणून पहिल्या खेपेला निगेटिव्हच घ्या, बाहेरच्या उन्हासाठी ५०डी, आणि कॅमेऱ्यातला नारिंगी फिल्टर बाजूला झालाय याची खात्री करा. निगेटिव्ह थेट प्रोजेक्टरवर बघता येत नाही, तिला स्कॅन लागतोच. पडद्यावर फिल्मच बघायची असेल तर ट्राय-एक्स ही कृष्णधवल रिव्हर्सल घ्या. सरळ पॉझिटिव्ह चित्र हातात येतं, आणि तो आनंद खरोखर वेगळा आहे.

एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट, म्हणजे ३,६०० चौकटी. सेकंदाला १८ नं तीन मिनिटं वीस सेकंद. प्रत्येक दृश्य पाच-सहा सेकंद धरा, मनात मोजा, कॅमेरा घुमवत बसू नका. फिल्मला मागून दाबणारी पट्टी सुपर ८ मध्ये कार्ट्रिजमध्येच प्लास्टिकची असते, त्यामुळे चित्र किंचित डुलतं. तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही. कार्ट्रिज संपली की तिच्या खिडकीत फिल्मवर ‘एक्सपोज्ड’ असं छापलेलं दिसतं. प्रवासात असाल तर विमानतळावर ती हातानं तपासायला सांगा. सामानाचे नवे सीटी स्कॅनर न धुतलेल्या फिल्मवर धुकं चढवतात.

लॅबकडे पाठवताना खोक्यावर फिल्मचं नाव आणि धुण्याची पद्धत ठळक लिहा. व्हिजन३ ला ईसीएन-२ लागते, साध्या फोटो स्टुडिओत ती देऊ नका. तिच्या पाठीवर बरीच वर्षं काळा कार्बनचा थर असायचा, तो सुटून तिथल्या यंत्राची सगळी रसायनं बिघडवतो. आणि भरलेली कार्ट्रिज कपाटात पाडून ठेवू नका. न धुतलेलं चित्र दर वर्षी फिकं होत जातं, आणि लॅबलाही यंत्र सुरू ठेवायला नियमित काम लागतं. महिन्याभरात पाठवा, त्याच खेपेत आजोबांच्या वास येणाऱ्या रिळांचा स्कॅनही सांगा, आणि स्कॅन झालेली मूळ रिळं परत हवीत हे पावतीवर लिहून घ्या.